रथामागचं फुटेज

हैबतबाबा आरफळकरांच्या काळी हार्ड डिस्क नव्हती, हे माउलींचेच उपकार. असती तर १९व्या शतकात त्यांनी आळंदी-पंढरपूर पालखी सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, ती लावायचं सोडून बाबा फोल्डरच करत बसले असते. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक आणि क्रमांकाला ठरलेली जागा. लाखो माणसं सुमारे २५० किलोमीटर चालत जातात आणि कुठली दिंडी कुठं असेल हे चोपदार झोपेतही सांगतील. मी त्याच वारीचं चित्रण घेऊन घरात पंख्याखाली बसलोय आणि मला नीरास्नान, म्हणजे पादुकांची नीरा नदीतली आंघोळ, सापडत नाही.

वारीवर माहितीपट करायचा, हे आम्हा मित्रांचं जुनं खूळ. एकाकडे चांगला कॅमेरा, एकाकडे ड्रोन, एकाकडे टोपीला बांधायचा चिमुकला कॅमेरा आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे फोन. हा फोनवाला सगळ्यात जास्त शूट करतो. वर तो ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, म्हणजे पाठवता पाठवता वारकऱ्यांच्या चेहऱ्याचा पार रवा होतो. चांगल्या कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी. कार्ड रिकामं केलं की तो पुन्हा सी-०००१ पासून मोजायला लागतो. त्यामुळे सासवडचा मुक्काम सी-०००१, जेजुरीचा भंडारा सी-०००१ आणि वाल्ह्याला पावसात उडालेला तंबूही सी-०००१. टोपीवाला कॅमेरा फाइल ४ जीबीची झाली की मुकाट्याने दुसरी सुरू करतो. दिवेघाटात अभंगाचा पहिला चरण एका फाइलीत आहे, दुसरा दुसरीत, आणि दोन्हींच्या मधे टोपीवाल्याचं धापा टाकणं. ड्रोनचं घड्याळ मात्र कुठल्याशा १ जानेवारीवर थांबलेलं आहे. तारखेप्रमाणे लावायला गेलं की पालखी आधी वाखरीला पोचते, मग आळंदीहून निघते.

त्यात वारकऱ्यांना घाई नसते. अभंग संपल्याशिवाय ‘कट’ म्हणायची आमच्यात कुणाची प्राज्ञा नव्हती. आमच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगला फोरकेचा एक तास म्हणजे ४५ जीबी. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण सगळ्यांनी सगळ्या बाजूंनी घेतलंय. माउलींचा अश्व एकच. माझ्याकडे तो धावतोय इतक्या वेळा की त्याच्या वैरणीची काळजी वाटावी.

याच सुमारास जुना संगणक गेला. नव्यावर जुनं एडिटिंग सॉफ्टवेअर चालेना. भाचा म्हणाला, “मामा, हे नवीन घे. एकदम सोपंय.” भाच्याच्या पिढीत सोपं म्हणजे काय, ते मला आता कळलंय: ज्याचं मॅन्युअल कुणी वाचत नाही ते. शिकवणीचे व्हिडिओ बघितले. ते शिकवणारे गृहस्थ फार प्रसन्न. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये मोजक्या क्लिपा असतात, सगळ्या समुद्राच्या. त्या लाटांना दिंडी क्रमांक नसतो, आणि ‘आम्ही दिसतो का हो त्यात?’ असा फोनही येत नाही.

माझी बोटं तर अजून जुन्याच सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. तिथं ‘व्ही’ दाबलं की क्लिप उचलायचा बाण यायचा. इथं ‘व्ही’ दाबलं की क्लिप अदृश्य होते. एकदा अख्खं भारूड असं गायब झालं आणि मी बराच वेळ स्पीकरच्या वायरी हलवत होतो. टाइमलाइनला, म्हणजे क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीला, चुंबक आहे ते निराळंच. मधली एक क्लिप काढली की मागच्या सगळ्या पुढे सरकून जागा भरतात. आरफळकरांच्या व्यवस्थेत असं झालं असतं तर रथामागच्या दिंड्या नातेपुत्यापर्यंत हमरीतुमरीवर आल्या असत्या.

पूर्वी फिल्मच्या पट्ट्या कापून खिळ्यांना टांगायचे, खाली कापडाचं अस्तर लावलेलं पिंप. ३५ मिमीची हजार फुटी रीळ जेमतेम ११ मिनिटं चालायची. रीळ महाग, म्हणून बटण दाबण्याआधी माणूस विचार करायचा. दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई तर घरात अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या. हे मी बायकोला मोठ्या भक्तिभावाने सांगितलं. ती म्हणाली, “हो, पण त्यांच्या घरातून शेवटी सिनेमा निघाला.”

खरा कस लागला तो नावं टाकताना. ‘विठ्ठल’ लिहिलं, तर पडद्यावर वेलांटी ‘व’च्या भलत्याच बाजूला जाऊन उभी, ‘ठ’चा पाय मोडलेला आणि दुसरा ‘ठ’ त्याच्याकडे लांबून बघतोय. अठ्ठावीस युगे विटेवर नीट उभा राहिलेला देव माझ्या टाइमलाइनवर विस्कटला. बरेच संकलक अजूनही मराठी अक्षरं फोटोशॉपमध्ये लिहून चित्र म्हणून आणतात, ते का, ते समजलं. भाच्याने सेटिंगच्या पाताळात जाऊन कुठलीशी खूण केली आणि देव सावरला. ती खूण कुठं आहे, हे भाचा आता विसरलाय.

मुक्कामावर समाजआरती होते तेव्हा चोपदार दंड उंचावतात आणि एवढा जनसमुदाय क्षणात गप्प होतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जाऊन म्हणणं ऐकतात, मगच टाळ थांबतात. माझ्याकडे हार्ड डिस्कचं नाव बदलल्यापासून निम्मी टाइमलाइन लालभडक होऊन ‘फाइल सापडत नाही’ म्हणून टाळ कुटते आहे आणि दंड उंचावणारं कुणी नाही.

कीवर्ड टाका, असं ते समुद्रवाले गृहस्थ सांगतात. प्रत्येक क्लिपला गाव, दिवस, माणसं. पण चित्रात दिसणारं गाव लोणंद की तरडगाव? उसाचं शेत आणि पाण्याचा टँकर दोन्हीकडे आहे.

शेवटी रथामागच्या एका दिंडीचे विणेकरी बाबाच घरी आले, पिक्चर कुठवर आला ते बघायला. पिक्चर नव्हताच, मी नुसत्या कच्च्या क्लिपा टीव्हीला जोडून दिल्या. बाबा चहाला हात न लावता बोलायला लागले. “हे बरड. तो लिंब पुढल्या वर्षी पडला. ही म्हातारी आमच्या पुढच्या दिंडीतली, हिचा मुलगा टँकरवर असतो. हे माळशिरस नव्हे, वेळापूर. माळशिरसला एवढा उतार कुठाय?” भाचा शेजारी बसून भराभर टाइप करायला लागला. एक-एक क्लिप आपापल्या मुक्कामी जाऊ लागली. रात्री जेवायची हाक आली तेव्हा आम्ही भंडीशेगावात होतो.

“माउली, जरा थांबा,” बाबा भाच्याला म्हणाले, “मघाशी त्या म्हातारीच्या दिंडीचा नंबर काय लिहिलात?”

भाच्याने वाचून दाखवला.

“तो आमचा. त्यांचा आमच्या एक पुढं. ते खोडा आधी, नाहीतर वाखरीला मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”