डिंको सिंगचं सोनं नशिबाचं नव्हतं

परभणीत बॉक्सिंग शिकणाऱ्या भाच्याने काल एक फॉरवर्ड पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, हे खरंय का? पप्पा म्हणायलेत क्लास बंद कर." मेसेज थोडक्यात असा: मणिपूरचा बॉक्सर डिंको सिंग याचं १९९८ च्या आशियाई खेळांतलं सुवर्ण नशिबाचं होतं, कारण फायनलमध्ये समोरच्याने माघार घेतली. पुढे त्याने दारूत करिअर बुडवलं. व्यावसायिक झाला असता तर कोट्यधीश झाला असता. आणि शेवटी, "बॉक्सिंग त्यांच्या रक्तात असतं, आपल्या पोरांचं ते काम नाही."

या शेवटच्या वाक्याचा सगळ्यात जास्त संताप आला. डिंको अनाथालयात वाढला. त्याला हेरलं ते साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) विशेष क्षेत्र क्रीडा योजनेच्या प्रशिक्षकांनी, आणि घडवलं मेजर ओ. पी. भाटियांच्या देखरेखीत. १९८९ मध्ये अंबाल्याला तो सब-ज्युनिअर राष्ट्रीय विजेता झाला तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. त्या वयात कुणीतरी त्याच्याकडे नीट बघितलं, खाऊपिऊ घातलं, रोज सराव करून घेतला. ह्यात रक्त कुठून आलं? आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर फौजेत गेला आणि तिथे धावपटू झाला. २०२३ मध्ये स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीत, आशियाई सुवर्ण घेऊन आला. त्याच्या रक्तात काय स्टीपलचेस होती? ज्यांच्या गावात साधी पंचिंग बॅग टांगलेली नाही, त्यांनी रक्ताच्या गप्पा मारू नयेत.

माघारीचं म्हणाल तर फायनलमध्ये समोर असलेला उझबेकिस्तानचा तैमूर तुल्याकोव्ह चौथ्या राउंडनंतर पुढे लढू शकला नाही. बॉक्सिंगमध्ये माणूस उगाच थांबत नाही, मार खाऊन थांबतो. त्याआधी सेमीफायनलमध्ये डिंकोने थायलंडच्या सोनताया वोंगप्रातेसला बँकॉकमध्येच, त्याच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं होतं. शिवाय खालच्या वजनगटातून ५४ किलो गटात तो काही महिन्यांपूर्वीच आला होता. १९८२ च्या कौर सिंगनंतर भारताला बॉक्सिंगचं आशियाई सुवर्ण मिळालं ते थेट तेव्हा. याला नशीब म्हणायचं?

दारूचं पूर्ण खोटं नाही, हे मान्य करावं लागतं. आशियाईच्या संघातून आधी त्याला वगळलं होतं, आणि त्या धक्क्याने तो खूप प्यायल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. पण नंतर संघात घेतल्यावर त्याने सोनं आणलं, हे त्या मेसेजमध्ये नाही. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली तो पहिल्याच लढतीत हरला, हेही खरं. हरवणारा युक्रेनचा दानिलचेन्को पुढे कांस्य घेऊन गेला.

व्यावसायिक कुठे होणार होता? तेव्हा भारतात त्याची फारशी सोय नव्हती. बॉक्सर विजेंदर सिंग व्यावसायिक झाला तो २०१५ मध्ये. डिंकोला पोटापाण्याला नौदलाची नोकरी होती. हाल झाले म्हणाल, तर ते पुढच्या काळात झाले: पद्मश्री मिळाला तो थेट २०१३ ला, आणि २०१७ ला यकृताचा कर्करोग झाला तेव्हा उपचारांसाठी इम्फाळचं घर विकायची पाळी आली. २०२१ च्या जूनमध्ये तो गेला, अवघ्या ४२ व्या वर्षी. त्याला बघून मेरी कोम बॉक्सिंगकडे वळली, हे ती स्वतः सांगते.

दाजी, पोराचा क्लास बंद करू नका. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवर आला, तिथे हे टाका.