हरलात? काढा कोचला!

दर वसंतात तेच. एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, तिच्या प्लेऑफमध्ये (शेवटच्या बाद फेऱ्यांत) संघ गारद झाला की सकाळी पहिली आरोळी: कोचला हाकला! टोरंटोनं मे २०२४ मध्ये शेल्डन कीफला काढलं. बोस्टनविरुद्धच्या ७ सामन्यांत त्यांना पॉवर-प्लेच्या, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या, २१ संधींत गोल मिळाला फक्त १. मग नवा कोच आला, क्रेग बेरुबी. २०२५ मध्ये फ्लोरिडाविरुद्ध सातवा सामना, घरच्या बर्फावर, १-६. झालं समाधान?

अरे, आधी बघा तरी काय बिघडतंय! पॉवर-प्लेत दरवेळी तोच मागे सोडलेला पास. समोरचे चौघे त्यांच्या भागाच्या सीमेवर, निळ्या रेषेवर, आधीच भिंत करून उभे. आत शिरलं तरी पक (हॉकीची रबरी चकती) कडेकडेनं फिरतो, गोलीची, म्हणजे गोलरक्षकाची, नजर अडवायला समोर कुणी नाही, मग त्याच्याकडून उसळून आलेला रिबाउंड कुठून मिळणार? हे वर्षानुवर्षं बदलत नसेल तर खुशाल काढा कोचला, तो त्याचाच दोष. पण जागा बरोबर मिळतायत, फटकेही भरपूर, आणि समोरचा गोली सहा-सात सामने पेटलाय, तर कोचनं काय स्वतः स्केट्स बांधायचे? आणि पगाराच्या कमाल मर्यादेतला निम्मा पैसा चार फॉरवर्डना वाटला, तो कुणी? जनरल मॅनेजरनं! त्याला मात्र शेवटी हात लागतो.

आणि कोचला न काढता काय होतं? टाम्पा २०१९ मध्ये ६२ सामने जिंकून पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ०-४ हरलं. कोच जॉन कूपरला ठेवलं. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षी लीगचा विजेतेपदाचा स्टॅनली कप त्यांचा.