रबराच्या फॉरवर्डला रबाळ्याहून उत्तर

आमच्या घणसोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज आठवड्यात तीनदा येऊन पडला. सार असं: रबरासाठी झाडं तोडतात, चीक उकळून आटवतात, कारखानदार वर गंधकाची भेसळ करतात, म्हणून झाडाच्या रबरावर बहिष्कार टाका, सिंथेटिक वापरा, निसर्ग वाचवा. माझं रबाळे एमआयडीसीत गॅस्केट आणि बुश (यंत्रांत बसणारे रबरी भाग) काढायचं छोटं युनिट आहे. गप्प बसवेना.

झाड तोडून चीक मिळत नाही. तो असतो सालीत. फणसाला कोयता लागला की ओघळतो ना, तसलाच. पहाटे गारव्यात चीक जोरात वाहतो, तेव्हा खोडावर तिरकी खाच घेऊन सालीचा जेमतेम दीड मिलिमीटरचा पापुद्रा काढतात. सुरी सालीखालच्या वाढीच्या थराला लागू द्यायची नाही, यातच टॅपरचं, म्हणजे चीक काढणाऱ्याचं, कसब. मग एक-दोन दिवस झाडाला विसावा. झाड सातेक वर्षांचं झालं की हे सुरू होतं आणि पुढं वीस-पंचवीस वर्षं चालतं. शेवटी चीक आटला की तोडतात, हे खरं. त्या लाकडाचं फर्निचर होतं.

उकळतात? अहो, गूळ आहे का तो! चिकात रबर ३०-४० टक्के, बाकी बहुतेक पाणी. चीक गाळून, पातळ करून फॉर्मिक ॲसिड घातलं की पनीरसारखं साकळतं. ते रुळांतून दाबून शीट काढतात आणि धुराच्या खोलीत काही दिवस वाळवतात, म्हणजे बुरशी धरत नाही. केरळची आरएसएस-४ची (धुरावर वाळवलेल्या शीटची एक प्रत) गासडी फोडली की आमच्या शेडमध्ये गावाकडच्या चुलीवरच्या माळ्याचा वास सुटतो.

आता गंधक. याला भेसळ म्हणणं म्हणजे दुधात विरजण घालणाऱ्याला भेसळखोर म्हणणं. १०० किलो रबराला दोन-तीन किलो गंधक, जोडीला झिंक ऑक्साइड, स्टिअरिक ॲसिड, आणि गंधकाचं काम लवकर उरकणारं रसायन, म्हणजे ॲक्सिलरेटर. मिलवर मळायचं, साच्यात भरायचं, प्रेसमध्ये १५० अंशांच्या आसपास तापवायचं. रबराच्या लांबच लांब साखळ्या गंधक एकमेकींना बांधतो, म्हणून ताणलेलं रबर परत जागेवर येतं. चार्ल्स गुडइयरला हे १८३९ मध्ये सापडलं. त्याआधीचे रबरी बूट उन्हाळ्यात चिकट व्हायचे आणि थंडीत तडकायचे. एकदा आमच्याच पोराकडून गंधक घालायचं राहिलं. साचा उघडला तर गॅस्केट कुठलं, नुसता च्युइंगम! अख्खी पाळी साचा खरवडण्यात गेली.

आणि सिंथेटिक हिरवं कसं? ते खनिज तेलातून येतं. शिवाय सगळीकडे चालतही नाही: ट्रकच्या आणि विमानाच्या टायरला नैसर्गिकच जास्त लागतं, कारण ते कमी तापतं आणि सहज फाटत नाही. मेसेजसोबत पुरावा म्हणून फोटो होता खोडरबराचा. हल्लीच्या बहुतेक पांढऱ्या खोडरबरांत खोडाचंही काही नसतं आणि रबराचंही. ते असतं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकच.

झाडांसाठी जीव तुटतच असेल, तर सिंधुदुर्गात दोडामार्गला जाऊन या. तिथे रबराच्या बागा लावायला जंगल साफ झालंय. ऐन, किंजळ, जांभूळ असलेल्या डोंगरावर आता एकाच जातीच्या रांगा उभ्या आहेत. मेसेजमध्ये त्याचा एक शब्द नाही.