एबी फॉर्म कुणाच्या हातात?

निवडणूक आली की आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. सिनेमा-मालिकांतल्या माणसांनी राजकारणात यावं का? बहुतेकांच्या मते येऊ नये, आणि दोष सगळा मतदाराचा. लोक चेहऱ्याला भुलतात, म्हणून पक्ष चेहरे आणतात. मी अकरा वर्षं फिलाडेल्फियाजवळ राहते आहे, आणि हे म्हणणं मला दिवसेंदिवस जास्त खटकू लागलं आहे.

आमचं घर बोरिवलीचं, म्हणजे उत्तर मुंबई मतदारसंघातलं. २००४ मध्ये तिथं गोविंदानं राम नाईकांना सुमारे ४८ हजार मतांनी हरवलं. नाईक पाच वेळा निवडून आलेले, तेव्हा पेट्रोलियम मंत्री, लोकलच्या प्रवाशांसाठी आयुष्यभर झटलेले. तेव्हा मलाही लोकांची चीड आली होती. पण २००९ ला गोविंदा पुन्हा उभाच राहिला नाही, आणि २०१९ मध्ये त्याच मतदारसंघात उर्मिला मातोंडकर साडेचार लाखांहून जास्त मतांनी हरल्या. आई त्यांची प्रचारफेरी बघायला नाक्यापर्यंत गेली होती. "बघायला गेले म्हणून काय झालं? मत कुणाला द्यायचं ते आधीच ठरलेलं होतं," असं तिनं मला फोनवर सांगितलं. त्या निकालात लाटेचा आणि पक्षाचा वाटा मोठा होता, हे मान्य. पण मग चेहऱ्याला भुलणारा मतदार गेला कुठं?

शिरूरचंही तसंच. २०१९ ला अमोल कोल्हे निवडून आले तेव्हा सगळे म्हणाले, टीव्हीवरचे संभाजीराजे जिंकले. मालिकेचा फायदा झालाच असणार. पण २०२४ मध्ये लोकांपुढे त्यांची पाच वर्षांची खासदारकी होती, पक्षही फुटलेला होता, तरी लोकांनी त्यांना पुन्हा निवडलं. ही भूल म्हणायची का?

इथं पेनसिल्व्हेनियात तर हे फार जवळून बघायला मिळालं. गायिका टेलर स्विफ्ट याच राज्यात जन्मलेली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिनं कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला, मतदार नोंदणीचा दुवा टाकला, आणि एका दिवसात ४ लाखांच्या आसपास लोक त्या सरकारी संकेतस्थळावर गेले. नोव्हेंबरात हॅरिस हे राज्य हरल्या.

त्याआधी २०२२ मध्ये टीव्हीवरचे डॉक्टर मेहमेत ऑझ रिपब्लिकन पक्षाकडून सिनेटसाठी उभे राहिले. त्यांचं घर शेजारच्या न्यू जर्सीत, म्हणजे आपल्या भाषेत उपरा उमेदवार. ट्रम्प यांचा पाठिंबा होता, तरीही त्यांना आधी पक्षाच्या मतदारांपुढे जावं लागलं. प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, ते फक्त ९५१ मतांनी तरले, तेही फेरमोजणीनंतर. माझ्या शेजारणीनं त्यांचा कार्यक्रम वर्षानुवर्षं पाहिलेला. ती रिपब्लिकन म्हणून नोंदलेली आहे. तिनं प्राथमिक फेरीत त्यांना मत दिलं नाही. "माझ्या तब्येतीबद्दल मी त्यांचं ऐकते, माझ्या राज्याबद्दल का ऐकू?" असं म्हणाली. पुढे ऑझ मुख्य निवडणूक हरले. न्यू यॉर्कमध्ये २०१८ साली अभिनेत्री सिंथिया निक्सन तर गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीतच हरल्या.

इथलं सगळं चांगलं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पैशाचा इथला खेळ पाहून जीव घाबरतो. पण उमेदवार ठरवण्यात माझ्या शेजारणीचा हात असतो. बोरिवलीत वीस-वीस वर्षं सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्याला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचं पत्र, कुणाला मिळालं ते टीव्हीवर कळतं. फॉर्म वरून येतो, आणि नंतर आपण मतदाराला विचारतो, असली माणसं का निवडता?

कलावंतांचं मला वावडं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांनी गाणी-पोवाड्यांनी रान पेटवलं होतं, आणि त्यांना कुणी उपरं म्हटलं नाही. ते चळवळीतलेच होते.

मी अजून भारताची नागरिक आहे, त्यामुळे इथं मला मत नाही. तिथं आहे, पण ते द्यायला बूथवर स्वतः हजर राहावं लागतं. पुढच्या लोकसभेला रजा काढून आईबरोबर रांगेत उभं राहायचं ठरवलं आहे. तोवर ग्रुपवरच्या भावंडांना एवढंच विचारते. तुमच्यातले दोघं पक्षाचे सदस्य आहात, वर्गणी भरता. उमेदवार ठरवताना तुम्हाला आजवर कुणी विचारलं?