कलेक्टरला नोटीस, बायकोला काय?

कर्नाटकातलं धर्मांतराचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते आमच्या बेळगावात, सुवर्ण विधानसौधमध्ये, डिसेंबर 2021 च्या हिवाळी अधिवेशनात. पुढच्या वर्षी कायदा आला. धर्म बदलायचा तर 30 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं. जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. दोन्ही वेळा मी इथे इंग्लंडात, स्विंडनमध्ये, रात्री उशिरापर्यंत भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप वाचत बसलो होतो, आणि दोन्ही वेळा तिथे प्रश्न एकच होता: “काय दिलं असेल त्यांना?”

त्यांना म्हणजे ख्रिस्ती झालेल्या आमच्या दाजींना.

दाजी माझ्या मावसबहिणीचे, आक्काचे यजमान. गाव खानापूर तालुक्यातलं. चोर्ला घाटातनं गोव्याला भाजी नेणारा टेम्पो चालवायचे. जाताना कोबी-मिरची आणि येताना गोव्याची स्वस्त दारू, त्यातली बरीचशी पोटात. आक्काच्या पाटल्या दोनदा गहाण पडल्या. एकदा तिचा हात मोडला तेव्हा ती घसरून पडली असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. मग कुणा ड्रायव्हर मित्राबरोबर ते प्रार्थनेला जायला लागले आणि वर्षभरात दारू सुटली. टेम्पोचं कर्ज फिटलं, पाटल्या घरी आल्या. काय दिलं, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे, आणि ते भावकीने कधी देऊ केलं नव्हतं.

काकांचा राग तर वेगळाच. प्रार्थनेतली निम्मी गाणी कन्नडमध्ये! सीमालढ्यात घोषणा देत वाढलेला माणूस. येशू एकवेळ चालला असता त्यांना.

खरं (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात) गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती साक्ष झाली असती, रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगतात तशी. दाजींनी बाप्तिस्मा घेतला तो आक्काला न विचारता. आठवडाभराने सांगितलं. मग नैवेद्याचं ताट त्यांना चालेना. मग देवघर हलवायची भाषा सुरू झाली. सासूच्या वर्षश्राद्धाला ते बसले नाहीत, धाकट्या दिराने पिंड दिले, आणि पाहुण्यांच्या नजरा आक्काने एकटीने झेलल्या. दारूच्या काळात ती बिचारी होती, आता संशयित झाली. हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली. तिने काहीच बदललं नव्हतं.

कलेक्टरला नोटीस द्यायची की नाही यावर आपण दोन वर्षं भांडलो. बायकोला सांगायचं की नाही, हा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कुणीच काढला नाही.

नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या. संसार काही वर्षं मोडल्यासारखाच झाला. पुढे त्या परत आल्या, सोवळं-ओवळं स्वतःच्या हिशोबाने सोडत गेल्या आणि 1900 मध्ये आपल्या पावलांनी बाप्तिस्म्यापर्यंत पोचल्या. टिळकांच्या कवितेचं आपण कौतुक करतो. बाईंनी मधली वर्षं काढली कशी, हे मला हल्ली जास्त मोठं वाटतं.

आक्काला तर भावाने वकील गाठून दिला होता. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने धर्म बदलणं हे घटस्फोटाचं कारण आहे, केस सोपी आहे, असं तो म्हणाला. आक्का म्हणाली, “पिऊन येत होते तवा कुठं होतासा?” वकील उठून गेला.

तिकडे चर्चच्या पाळकांनाही एक सांगायला हवं. बायबलमध्ये पौल करिंथकरांना लिहितो की बायको विश्वास ठेवणारी नसली, पण नांदायला राजी असली, तर नवऱ्याने तिला टाकू नये. म्हणजे हा पेच दोन हजार वर्षं जुना आहे. दाजींच्या पाळकाने हे वचन त्यांना देवघराच्या भांडणानंतर सहा महिन्यांनी दाखवलं. जरा आधी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. देवघर आता आतल्या खोलीत आहे.

इथे माझ्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा अचानक चर्चला जाऊ लागला. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याहून कमी भरले, 46.2 टक्के. बापाला लाजच वाटली. “आमच्या घरात काय कमी होतं?” म्हणाला. अगदी काकांचं वाक्य! बाप्तिस्म्याला गेला नाही. पण त्या पोराची सोयरीक अडली नाही, गावजत्रेत त्याच्या आईला कुणी टाळलं नाही. म्हणून परदेशात बसून “श्रद्धा ही खाजगी बाब आहे” असं लिहिणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. मीही लिहायचो. इथे ती खाजगी आहे, कारण इथे लग्नच दोघांचं असतं. आमच्याकडे ते भावकीचं, कुलदैवताचं, शेताच्या बांधाचं असतं. एकाने देव बदलला की या सगळ्यांचे हिशेब नव्याने मांडावे लागतात, आणि मांडत बसते घरातली बाई.

भाचीला दोन स्थळं आली आणि चौकशी करून परत गेली. तिसरं यायचं आहे. ती अजून आईबरोबर आरती म्हणते आणि नाताळला बापाबरोबर केक कापते. तिच्या मनात काय आहे, हे तिला कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

परवा फोन केला तर दाजींनी घेतला. माझी नोकरी जाणार अशी कुणकुण त्यांच्या कानावर गेली होती. “डोळे मिटा,” म्हणाले आणि प्रार्थना सुरू केली, माझ्या साहेबाचं नाव घेऊन. मी ओट्याशी उभा राहून ऐकत होतो. चार मिनिटं झाली असतील. मागून आक्का ओरडली, “आटपा की ओ, दूध उतू जायलंय.”