बाटलीचा स्पेसर कुचकामी नाही

‘तान्ह्या मुलाची छाती वाजू लागली की विकतचाच स्पेसर हवा, बाटलीचा कुचकामी’ हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. स्पेसर म्हणजे इन्हेलर (औषधाचा फवारा) आणि मुलाचं तोंड यांच्यामध्ये लावायचं पोकळ भांडं; त्यातून औषध श्वासावाटे आत जातं. केप टाउनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५०० मिलीच्या प्लॅस्टिक बाटलीचा स्पेसर विकतच्याइतकाच उपयोगी ठरला. अट एकच: तळाच्या भोकात इन्हेलर घट्ट बसवून फट पक्की बुजवलेली हवी. थर्मोकोलच्या पेल्याचा स्पेसर मात्र कमी पडतो.

खरी गफलत स्पेसरच्या तोंडाला लावून बाळाच्या नाका-तोंडावर धरायच्या मास्कपाशी होते. नाकाच्या बाजूला बोटभर फट राहिली तरी औषध बाहेरच उडतं. एका वेळी एकच पफ (फवारा) द्या, मग बाळाला पाच-सहा श्वास घेऊ द्या. ओठ निळसर दिसले, बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले तर स्पेसर कुठलाही असो, तडक दवाखाना गाठा.