आधी टायमिंग सांगा

दिलीप गावित कोण, असं नाशिकमध्ये विचारून बघा. ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतील, "तो नाही का, एक हात नसलेला धावपटू, सुरगाण्याचा." पण २०२३ च्या हांगझाउ आशियाई पॅरा स्पर्धेत, म्हणजे अपंग खेळाडूंच्या आशियाई स्पर्धेत, त्याने ४०० मीटर ४९.४८ सेकंदांत पळून सुवर्ण घेतलं, तेच त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक होतं आणि पुढच्या वर्षी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तो अंतिम फेरीत होता, हे किती जण सांगतील?

याच जिल्ह्यातल्या धावपटू कविता राऊतला आपण 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हणतो. त्यात तिचं गाव आहे आणि तिचा वेग आहे. गरिबी तिनेही सोसली, पण ओळख वेगाची झाली. दिलीपची ओळख मात्र नसलेल्या हातापाशीच अडकते.

सत्कारात हमखास ऐकू येणारं एक वाक्य मला फार खटकतं. "धडधाकटांनाही लाजवेल अशी कामगिरी!" अहो, तो आपल्याला लाजवायला पळत नाही. शेजारच्या लेनमधल्याला हरवायला पळतो. पळताना प्रत्येक पावलाला उलट बाजूचा हात शरीर सावरत असतो. एक हात नसला की वळणावरचा तोल निराळा सांभाळावा लागतो, सुरुवातीला ब्लॉकवर बसण्यापासूनच फरक पडतो. दिलीप ज्यात पळतो तो टी४७ गट म्हणजे काय, हेही समजायला अवघड नाही. टी म्हणजे ट्रॅक आणि आकडा अपंगत्वाच्या प्रकाराचा आणि प्रमाणाचा. कुस्तीतले वजनगट आपल्याला कळतात, तसे हेही कळतील. पण सूत्रसंचालक यातलं काही सांगत नाही. तो सांगतो अपघात, आईचे अश्रू, देवाची करणी. मग शाल, श्रीफळ, फोटो. आणि व्हीलचेअरवरच्या खेळाडूला चौघे मिळून स्टेजवर उचलून नेतात, कारण रॅम्प करायचं कुणाला सुचलेलंच नसतं.

अपंग म्हणायचं की दिव्यांग, यावर वाद पुष्कळ झाले. ज्याचं त्याला विचारावं आणि तेच म्हणावं. मला त्याहून जास्त बोचतो तो सूर. माझ्या आतेबहिणीला लहानपणी पोलिओ झाला. आज ती एका पतसंस्थेचे हिशेब एकटीने बघते. तरी लग्नकार्यात लोक तिच्यासमोर मला विचारतात, "ती काय घेईल?" २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांसंदर्भात सांगितलं, की हिणवणारे शब्द टाळाच, पण 'पीडित', 'ग्रस्त' अशी दयेची भाषासुद्धा टाळा. हे आपल्या घरातल्या बोलण्यालाही लागू व्हायला हवं.

कारण या सुराची किंमत मोजावी लागते. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं, तेही जागतिक विक्रमासह. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं! पदक खेळातलं धरलंच नाही आपण, नवल म्हणून बाजूला ठेवलं.

शाळांमध्ये आजही तेच चालतं. पीटीच्या तासाला एखादं अपंग मूल असलं की, "तू बस बाळा, सगळ्यांच्या बाटल्या सांभाळ." यात प्रेम असतं, मला कळतं. पण त्या पोराला आपण किती वेगाने पळतो हे कळणार कधी? माझ्या मित्रयादीत नाशिकचे बरेच क्रीडाशिक्षक आहेत, त्यांना हात जोडून विनंती. या वर्षीच्या क्रीडामहोत्सवात त्याला लेन द्या, स्टॉपवॉच लावा आणि आलेला वेळ फलकावर बाकीच्यांसोबत लिहा. चांगला वेळ आला तर पॅरा स्पर्धांची चौकशी जिल्हा क्रीडा कार्यालयात करा. यायला कुणी हवं असेल तर मी येते.